सूरजच्या कंपनीचा भाव

त्या दिवशी गाडीच्या दारात ती चंदेरी गुंडाळी आडवी पडली नसती, तर मी कदाचित त्याच्याकडे पाहिलंही नसतं...

एप्रिल संपत आला होता. सकाळचे साडेआठ, तरी चंद्रपूर स्टेशनचा लोखंडी कठडा हाताला चटका देत होता. मी नागभीडला निघाले होते. डब्यात पाय टाकते तोच माझ्या उंचीची एक गुंडाळी धप्पकन अंगावर आली.

"अरे अरे— लागलं काय, मॅडम?" गुंडाळीच्या मागून आवाज आला.

"गुंडाळीचं तिकीट काढलंय का?"

"काढलं ना. तिचं पक्कं, माह्यंच वेटिंगवर हाय."

मग एक चेहरा दिसला. उन्हानं रापलेला, कपाळावर घाम, आणि हसताना एकाच गालाला खळी. त्यानं गुंडाळी माझ्या सीटशेजारी उभी केली. ती घसरू नये म्हणून सिंदेवाहीपर्यंत मी तिला कोपराचा टेकू दिला. त्यानं तीन वेळा धन्यवाद म्हटलं. तिसऱ्या वेळी मी खिडकीकडे तोंड वळवलं... हसू दिसू नये म्हणून.

"काय आहे हे?"

"टिनाच्या खाली लावाचं. वरतून ऊन आलं का हे त्याले वापस धाडते."

"आणि तुमचं नाव?"

"सूरज."

आता मात्र मला राहवलं नाही. "नाव सूरज, आणि धंदा उन्हाला परत पाठवायचा?"

"म्हणून तं लोक भरोसा ठेवतेत, मॅडम. घरचा माणूस म्हणून सूर्य माह्यं ऐकते."

नागभीडला उतरून मी पर्समधला पत्त्याचा कागद काढला. 'शीतल छत प्रायव्हेट लिमिटेड, स्टेशन रोड.' त्यानं कागद वाचला आणि खळी एकदम नाहीशी झाली.

"म्हणजे... आमच्या शेअरचा भाव काढाले येणार होत्या, त्या दिव्यानी मॅडम तुमीच?"

मीच होते. चंद्रपूरला उर्वशी मॅडमच्या ऑफिसात मी तीन वर्षं कंपन्यांचं मूल्यांकन करते. ही कंपनी लहान होती. दहा हजार शेअर. त्यातले सहा हजार सूरजचे आणि चार हजार गुणवंतरावांचे. गुणवंतराव त्याचे शाळेतले सर. पाच वर्षांपूर्वी 'घरं थंड करतो' म्हणणाऱ्या या पोराला सगळे हसत होते, तेव्हा सरांनी आपल्या निवृत्तीच्या पैशातून कंपनी उभी करून दिली होती. आता त्यांच्या पत्नीचे, रुखमाबाईंचे, दोन्ही गुडघे गेले होते. नागपूरला ऑपरेशनचा खर्च साडेसहा लाख. म्हणून सरांना शेअर विकायचे होते. करारात लिहिलेलं होतं की आधी सूरजला विचारायचं आणि भाव तिसऱ्या, परक्या माणसानं काढायचा. सूरजला जमलं नाही, तर नागपूरची एक मोठी कंपनी घ्यायला तयारच होती. तिला नागभीडचं वर्कशॉप नको होतं, फक्त गिऱ्हाइकं हवी होती.

"बसा ना, चहा सांगतो," वर्कशॉपवर पोचल्यावर सूरज म्हणाला.

"नको. ज्याचा भाव काढायचा, त्याच्याकडचं काही घ्यायचं नाही, असं आमच्या मॅडमचं सांगणं आहे."

"पाणी?"

"...पाणी चालेल."

त्यानं मडक्यातलं पाणी दिलं. वाळ्याचा मंद वास होता त्याला. मी दोन ग्लास प्यायले.

चार दिवस मी त्या वर्कशॉपमध्ये कागद चाळत होते. कमाई बरी होती, पण एक गोष्ट कळेना. दर वर्षी दुरुस्तीवर एवढा खर्च कशाचा? लावलेलं छत एवढं खराब होतं?

"नाई जी, खराब नाई होत," बिरजू म्हणाला. बिरजू तिथला सर्वांत जुना कारागीर. "सूरजभाऊ पावसाळ्याच्या आधी एकेका घरी जाते अन् पाह्यते. उंदरानं कुरतडलं, सांधा सुटला, का बदलून देते. फुकट."

"फुकट? का पण?" मी सूरजला विचारलं.

"तुमीच पाहा ना चालून," तो म्हणाला. "कागदावर नाई समजाचं ते."

दुपारी आम्ही त्याच्या मोटरसायकलवर निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल, मोहाचा गोडसर वास, आणि तोंडावर भट्टीसारखा वारा. मी ओढणीनं चेहरा गुंडाळला होता, नुसते डोळे उघडे. आरशात तो दर थोड्या वेळानं मला पाहत होता.

"रस्त्याकडे बघा."

"रस्ताच पाहून राह्यलो," तो म्हणाला आणि गाडी खड्ड्यात घातली.

तलावाच्या काठी कुंताचं घर होतं. नवरा-बायको दोघं तलावात मासे धरायची. दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे. बाहेर अंगणात उभं राहवत नव्हतं. मी वाकून दारातून आत गेले... आणि थांबले. आत ऊन नव्हतं. म्हणजे उजेड होता, पण तो भाजत नव्हता. पाळण्यात पाच महिन्यांचं बाळ मुठी उघडून गाढ झोपलं होतं.

"मोठीच्या वेळेस लेकरू घेऊन दिवसभर जांभळीखाली बसाची मी," कुंता म्हणाली. "अंगावर घामोळ्या, रडून रडून निळी व्हायची. हा पाहा, कसा झोपला. सूरजभाऊनं तं आमाले हा उन्हाळाच देल्ला, बाई."

ती सूरजकडे वळली नाही, हात जोडले नाहीत. नुसतं म्हणाली आणि पाळण्याला झोका दिला. कंपनीच्या किमतीत हे कुठल्या रकान्यात लिहितात?

पण लिहिता येतं, हे मला तिथंच कळलं. त्या गावात एकाचं पाहून दुसऱ्यानं, असं करत अठरा घरांना छत लागलं होतं आणि जाहिरातीवर कंपनीनं एक रुपया खर्च केला नव्हता. मी ज्याला खर्च समजत होते, तीच या कंपनीची खरी कमाई होती.

निघताना कुंतानं पळसाच्या पानात तलावातले झिंगे बांधून माझ्या हातात दिले.

"मला घेता येत नाही हो..."

"हे कंपनीचे नाई, माह्ये होत," ती म्हणाली. "माह्या भाव तं नाई ना काढत तुमी?"

मी घेतले. सूरज आरशात हसत होता, आणि या वेळी मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी माझा आकडा जवळजवळ ठरला होता— एका शेअरला एकशे ऐंशी रुपये. चार हजारांचे सात लाख वीस हजार. सूरजला बँकेनं सात लाखांचं कर्ज मंजूर केलं होतं. वरचे वीस हजार त्याच्याकडे होते. म्हणजे कंपनी वाचत होती. खरं सांगू? मला हायसं वाटलं. आणि वाटलं म्हणून भीतीही वाटली. मी सगळी बेरीज पुन्हा पहिल्यापासून केली. आकडा तोच आला.

तेवढ्यात सूरज समोर येऊन उभा राहिला. हातात एक पत्र.

"मॅडम, हे... हे कागदात नव्हतं. घरच्या पत्त्यावर आलं होतं, परवा भेटलं मले."

वडशाच्या एका राइस मिलवाल्याचं पत्र होतं. तीन मिलमधली गोदामं आणि मजुरांच्या सगळ्या खोल्या मिळून तीन वर्षांचं काम पक्कं. तारीख अठ्ठावीस मार्च. मला भाव काढायचा होता एकतीस मार्चचा.

"हे धरलं तर भाव वाढेल," मी हळूच म्हणाले.

"मालूम हाय."

"तुमचं कर्ज पुरणार नाही, सूरज."

"मालूम हाय ना." तो खाली बघत राहिला. "हे पत्र मे महिन्यात दाखवलं असतं तं कोणाले समजलं नसतं. दोन दिवस खिशात ठेवलं मी, खोटं काऊन बोलू. पण सर... त्यांनी मले हिशेब शिकवला, मॅडम. त्यांच्यासंगच कसा चुकवू?"

मी पत्र घेतलं. पंखा गरगरत होता, कागद फडफडत होते, आणि मला पुढचं अक्षर दिसेना. त्या क्षणी... हो, त्याच क्षणी माझं काय झालं ते मला स्पष्ट कळलं.

उर्वशी मॅडमना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं स्वतःहून दिलं?"

"हो."

"मग ते पत्र नीट हिशेबात धर. माणसानं उगीच नाही दिलं."

नवा भाव आला दोनशे तीस.

दुसऱ्या आठवड्यात अहवाल घेऊन मी गुणवंतरावांच्या घरी गेले. रुखमाबाई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. सूरज दाराजवळ उभा. सरांनी चष्मा लावून आकडा वाचला.

"चार हजारांचे नऊ लाख वीस हजार," सूरजच बोलला. "माह्याच्यानं होत नाई, सर. तुमी नागपूरवाल्यांना देऊन टाका. बाईंचं ऑपरेशन थांबलं नाई पायजे."

सरांनी अहवालाची पानं उलटली आणि पत्राच्या उल्लेखावर बोट ठेवलं. "हे पत्र तू दिलंस?"

त्यानं मान खाली घातली.

"मास्तरसमोर उत्तर द्यायचं असते रे."

"हो, सर."

सरांनी अहवाल मिटून मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे वळले. "बाई, मले साडेसहा लाख लागते. तीन हजार शेअर विकले तं किती येते?"

"सहा लाख नव्वद हजार," मी म्हणाले... आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. जुन्या भावानं त्यांना जवळजवळ सगळेच शेअर विकावे लागले असते. नव्या भावानं तीन हजार पुरत होते, आणि तेवढे घ्यायला सूरजचं कर्जही पुरत होतं!

"मंग तीनच विकतो. हजार राहू दे माह्याकडे. एवढी चांगली कंपनी पूर्ण कोण सोडते?"

"तुमच्याकडे नाई," पलंगावरून रुखमाबाई कडाडल्या. "माह्या नावानं करा. गुडघे माह्ये, तं शेअरही माह्ये!"

सगळे हसले. सूरज हसता हसता सरांच्या पायाशी वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले, उगाचच.

तो मला स्टेशनवर सोडायला आला. माझी बॅग त्याच्या खांद्यावर.

"आता पुढच्या साली पुन्हा भाव काढाले याल?"

"नाही. मी मॅडमना सांगितलंय, तुमच्या कंपनीचं काम यापुढे मला देऊ नका."

त्याचा चेहरा पडला. "काऊन? माह्यं काई चुकलं?"

"नियम आहे. नात्यातल्या माणसाच्या कंपनीचा भाव आम्हाला काढता येत नाही."

"पण आपलं तं काई नातं ना—"

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मी रुळांकडे बघत होते आणि कानशिलं तापली होती. ते काही उन्हानं नव्हतं.

गाडी आली. मी चढले. तोही चढला, कारण बॅग त्याच्याकडेच होती. आणि गाडी सुटली.

"सूरज! उतरा!"

"बोलल्याशिवाय उतरू कसा?" तो दाराच्या दांड्याला धरून उभा, धापा टाकत. "मले बोलाले टाइम लागते, दिव्यानी. तळोधी येईपर्यंत थांबा..."

तळोधी आलं आणि गेलं. तो बोलला नाही. पुढचं स्टेशनही गेलं. सिंदेवाहीचे सिग्नल दिसायला लागले तेव्हा त्यानं बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि एका दमात म्हणाला, "मले तुमी आवडता. रविवारी चंद्रपूरले येऊ? तुमच्या घरी... आईसमोर?"

"आई कडक आहे."

"मी सगळे कागद दाखवतो त्यायले."

"ये मग," मी म्हणाले. 'या' म्हणायला हवं होतं... पण 'ये' असंच बाहेर पडलं.

तो सिंदेवाहीला उतरला. खिशात तिकीट नव्हतं, परतीची गाडी संध्याकाळची होती आणि भर दुपारच्या उन्हात तो प्लॅटफॉर्मवर एकटा उभा राहून हात हलवत होता. तो दिसेनासा होईपर्यंत मी खिडकीतून त्याला पाहत राहिले. मॅडमनी नागभीडचं काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर?... ऊन तोंडावर येत होतं. मी खिडकी उघडीच ठेवली, आणि मनात एकेकाचं नाव घेऊन आभार मानत राहिले— मॅडमचे, सरांचे, तलावाकाठच्या कुंताचे. चंद्रपूर आलं तरी ती यादी संपली नव्हती.