उभ्याने काढलेले फोटो

पेपरात खेळांचे फोटो काढणाऱ्या त्या फोटोग्राफरचा डावा गुडघा अखेर संपावर गेला. लंगडत लंगडत तो ज्या फिजिओच्या दारात पोहोचला, तिच्या भिंतीवर त्यानेच काढलेले फोटो लावलेले होते. एक-दोन नव्हे, चांगले अकरा. आडव्या दांडीवरून कमानीसारखी वळून गेलेली उंच उडीवाली मुलगी. अडथळ्यावर झेपावलेला धावपटू, त्याने उडवलेली माती अजून हवेतच. सगळे पेपरातून कापलेले, आणि खालची नावाची ओळ कात्रीने नेमकी छाटलेली.

पेशंटना स्नायू समजावून सांगायला लावलेत, म्हणत ती त्या उडीजवळ गेली आणि स्नायू राहिले बाजूलाच. ही पोटरी बघा, सगळा जोर देऊन मोकळी झालीये. आणि ही मान... आता खाली बघायचंच नाही, असं ठरवलेली. शरीर असं क्षणभरच असतं, आणि या माणसाला ते बरोबर दिसतं.

"हा फोटोग्राफर भेटला ना, तर मी डोळे झाकून लग्न करीन त्याच्याशी."

आता यावर माणसाने काय बोलावं? 'मीच तो' म्हणणं म्हणजे सरळ गळ्यातच पडणं. त्याने गुडघा पुढे केला. पेपरात फोटोखाली त्याचं टोपणनाव यायचं आणि फॉर्मवर नुसतं 'नोकरी' लिहिलं होतं, ते बरंच झालं.

मग आठवड्यातून तीनदा ती गुडघा वाकवायची आणि तो तोंड वाकडं करायचा. "एवढ्यानेच?" ती भुवई उडवून विचारायची. तिचे हात उबदार होते, बोलणं तिखट. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाताना दाढी कशाला करावी लागते, हे आईने एकदा विचारून घेतलंच. दुखणं कमी व्हायला लागलं, तसं त्याला वाईट वाटायला लागलं. आता दोनच खेपा उरल्या होत्या, आणि गोष्ट अजून ओठांवरच होती.

त्या दिवशी तिने पेपर त्याच्या पुढ्यात आपटला.

"बघा. महिनाभर हेच चाललंय. आधी हा मातीला डोळा लावून फोटो काढायचा, म्हणून पोरी आभाळात जायच्या. हल्ली उभ्याने काढतो. उडी तीच... पण जमिनीवरच राहते."

त्याला झोंबलं. खरं होतं, म्हणून जरा जास्तच.

"गुडघा दुखत असेल बिचाऱ्याचा," तो बोलून गेला.

ती हसली... आणि हसू अर्ध्यावरच थांबलं. तिने हातातल्या गुडघ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग त्याच्याकडे. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पहिल्या दिवशी मी जे बोलले... ते ऐकलं होतंत?"

"म्हणून तर गप्प बसलो. तुम्ही फोटोंवर भाळलेल्या. मला बघून हिरमोड झाला असता तर?"

"आणि मी महिनाभर स्वतःला रागावतेय — लग्नाच्या गप्पा न पाहिलेल्या माणसाशी, आणि वाट बघायची या लंगड्याची."

"मग आता...?"

"आता आधी गुडघा टेकून दाखवा."

तो सावकाश खाली गेला. गुडघा जमिनीला टेकला. कळ आली नाही. तो तसाच राहिला, तिच्याकडे बघत.

"उठा," ती हळूच म्हणाली. "बाहेरचे पेशंट भलतंच समजतील."

"समजू देत की."

पुढच्या रविवारी पेपरात लांब उडीवाली मुलगी आभाळाला खांदा लावून तरंगत होती. सोमवारी तो शेवटच्या खेपेला गेला, तेव्हा भिंतीवर बारावा फोटो लागलेला होता. कात्री या वेळी त्याच्या नावाच्या खालून फिरली होती.