आठ मिनिटांचे अंतर

वेधशाळेच्या खोलीत पंखा घरघरत होता. “तुम्हीच काहीतरी केलंत,” असे शाल्मली आबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, बोलून बसली होती, आणि आबा चष्मा पुसत होते.

दुपारचे तीन चाळीस. चार वाजता मंगळ सूर्याआड जाणार होता. मंगळाभोवती फिरणाऱ्या आईच्या यानाला मग पंधरा दिवस पृथ्वीवरचा एकही शब्द पोहोचणार नव्हता. शाल्मलीने आईसाठी रचलेले गाणे आबांच्या संगणकात होते. ते आकाशात सोडणारा प्रेषक संगणक शेजारच्या खोलीत. त्याला बाहेरची कोणतीही वस्तू जोडायला मनाई होती. फाइल जाणार ती स्थानिक जाळ्यातूनच (एकाच इमारतीतल्या संगणकांना जोडणाऱ्या व्यवस्थेतून). आणि पडद्यावर एकच ओळ येत होती: प्रवेश नाकारला.

“माझ्यावर नंतर रागव,” आबा म्हणाले. “आधी काय काय धड आहे ते बघू. तार?”

“दिवा हिरवा आहे.”

“हाक मार त्याला.”

शाल्मलीने हाक पाठवली (पलीकडचा संगणक जागा आहे का, हे विचारणारा इवलासा संदेश). उत्तर तत्काळ आले. म्हणजे वाट मोकळी होती. दारच तेवढे बंद होते.

“परवलीचा शब्द?”

“तोच. काल त्याच शब्दावर चाचणीची फाइल गेली की.”

“मग कालपासून बदललं काय?”

“काही नाही. एक दिवस गेला, एवढंच.” बोलता बोलता ती थबकली. तिने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले, मग भिंतीकडे. “आबा, तुमच्या संगणकाचं घड्याळ आठ मिनिटं पुढे आहे.”

आबांचा पुसता हात थांबला. “ते ताऱ्यांचं आहे,” ते ओशाळून म्हणाले. “परवा दुपारपासून संगणकाचं घड्याळ नाक्षत्र गतीने (ताऱ्यांवरून मोजलेल्या दिवसाच्या चालीने) चालू केलं. दुर्बीण रोखताना दरवेळी आकडेमोड कोण करणार? ताऱ्यांचा दिवस सूर्याच्या दिवसापेक्षा चार मिनिटांनी लहान. काल चार मिनिटं पुढे गेलं, आज आठ.”

“पण फाइलला घड्याळाशी काय करायचंय?”

“आपला संगणक दाराशी जाऊन ओळखचिठ्ठी दाखवतो. चिठ्ठीवर ती काढल्याची वेळ असते. एखाद्या चोराने जुनी चिठ्ठी पुढे करू नये, म्हणून पाच मिनिटांहून अधिक फरक दिसला की प्रेषक ती घेतच नाही.”

“म्हणून काल चाललं. चारच मिनिटं होती.” शाल्मलीला हसू फुटले. “एवढे मोठे खगोलशास्त्रज्ञ, आणि दारावरच अडलात.”

“अडलो खरा. आता लाव ते घड्याळ सूर्यावर.”

तिने वेळ जुळवली. दार उघडले. गाणे उचलताना तिला त्याच्या शेजारी आणखी एक फाइल दिसली, कालच ठेवलेली. नाव होते ‘लेकीस’. शाल्मलीने ती उघडली नाही. दोन्ही एकदमच पाठवल्या. तीन चोपन्नला प्रेषकाने पोच दिली आणि खिडकीबाहेरची संदेश पाठवणारी थोरली तबकडी मंदपणे कलली.

“मंगळावरचा दिवस आपल्याहून चाळीसेक मिनिटांनी मोठा,” आबा म्हणाले. “उद्या तिथे वस्ती झाली, की दोन्हीकडच्या संगणकांना एकमेकांची वेळ समजावून द्यायला माणसं लागतील.”

“मी देईन,” शाल्मली म्हणाली. मग हळूच तिने विचारले, “आबा, आईला तुम्ही काय सांगितलंत?”

आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ते दुर्बिणीच्या जिन्याकडे निघून गेले.