हाक कुणाची?

पहिल्या भेटीत मला वाटलं, हा माणूस भांडायलाच उठलाय.

नागासाकीचं इस्पितळ. इथे कित्येक वर्षं दुकान चालवणारे माझे बाबा पाय मोडून, गुंगीच्या औषधाने झोपाळलेले. मी तैवानमधल्या ताइनानहून नुकतीच पोचलेली, जपानीचं ओ की ठो कळत नव्हतं. बाबांना पेज भरवायला चमचा उचलला, तर शेजारच्या खाटेवरचा तरुण जोरजोरात हात हलवू लागला. तोंडातून मात्र चकार शब्द नाही. शेवटी त्याने माझा हात धरला आणि तळव्यावर बोटाने दोन अक्षरं काढली. जेवण. आधी. मग बाबांच्या उशापाशी पडलेली गोळी दाखवली.

मी लाजून चमचा खाली ठेवला. चिनी अक्षरं आमची-त्यांची एकच, एका अक्षराचा एक शब्द... उच्चार काय ते वेगळे.

“मासळीच्या लिलावात ओरडून घशाचं ऑपरेशन करून घेतलंय त्याने,” बाबा जागे झाल्यावर म्हणाले. “डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय.”

मग काय, आमचे तळवेच बोलू लागले.

“दुखतं?” मी लिहिलं.

“ओरडता येत नाही, ते दुखतं.”

“मासे खूश असतील.”

तो आवाज न करता हसला, नुसते खांदे हलले. मग आम्ही नावं लिहिली. माझ्या नावाखाली त्याने लिहिलं — “सुंदर.”

“नाव?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. पावसाचे थेंब काचेवरून ओघळत होते... “दोन्ही.”

“बाबा, ‘आगाऊ’ कसं लिहितात इकडे?”

“माझा पाय मोडलाय, पोरी. तुमच्या मधे मला लुडबुडायला लावू नकोस.”

बाबांना घरी सोडलं त्याच सकाळी त्याची घसा-तपासणी होती. मी बाबांना विश्रांतीसाठी ताइनानला नेणार होते. त्याची वाट न पाहताच निघाले. आता त्याला आवाज मिळेल, सगळ्या गावाशी बोलेल... मग एकेक अक्षर हातावर मागणारी मुलगी कशाला हवी त्याला? रडू येत होतं, खरंच.

ट्रामच्या थांब्यावर मागून कुणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडलं, “ग्योकुरान!”

असेल कुणी. ट्राम आली, मी बाबांच्या कुबड्या सावरल्या.

“अगं, तुलाच हाक मारतोय तो,” बाबा म्हणाले.

“मला? मी युलान.”

“तुझीच अक्षरं ती. त्याच्या तोंडी अशीच वाजतात.”

म्हणजे इतके दिवस मनातल्या मनात तो मला याच नावाने... माझ्या अंगावर काटा आला. मी वळून हाक मारली, “श्वेइदाव!”

तर त्याने मागे वळून पाहिलं, कोण बाई हा श्वेइदाव म्हणून.

“मिझुशिमा म्हण त्याला,” बाबांनी कपाळावर हात मारला. “काय जोडी आहे.”

तो धापा टाकत पोचला. नवा आवाज, आणि तो त्याने माझ्या नावावर उधळला होता. मला त्याचे, डॉक्टरांचे, त्या लिलावातल्या माशांचेसुद्धा आभार मानावेसे वाटले. बोलता येत असूनही त्याने माझा हात घेतला आणि एकच अक्षर काढलं.

राहा.

ट्राम निघून गेली.

“बरं झालं,” बाबा बाकावर टेकत म्हणाले. “दुकान सोडून मला तरी कुठे जायचं होतं?”

ज्या कुणी ही अक्षरं पहिल्यांदा काढली, त्याचं भलं होवो. मी मिझुशिमाचा हात उलटा केला आणि तेच अक्षर त्याच्या तळव्यावर लिहिलं.