साठ वाक्यांचा तक्ता

भाषाशास्त्राच्या विभागप्रमुखांनी संशोधक मुलीवर चोरीचा आळ घातला होता. दुपारी चारला समिती तिची पीएचडी रद्द करणार होती. म्हणून तिनं गुप्तहेर वहिनींना बोलावलं. सोबत त्यांचे दीर आले, डोक्यानं जरा सावकाश.

"चोरी कसली?" दिरांनी विचारलं.

"वाक्यांची," मुलगी म्हणाली. "'कुठलं पुस्तक तुला वाटतं की ताईनं फाडलं?' पुस्तक वाक्याच्या एका टोकाला, फाडणं दुसऱ्या, तरी नातं आहे, लांबचं. सगळे म्हणतात, 'पुस्तक' हा शब्द मागून उडी मारून पुढे आला. मी म्हणते, कुणीच हललं नाही, निरोप पायरीपायरीनं वर गेला. वीस वाक्यांवर सिद्ध केलंय. ती वाक्यं लिहिलेली माझी वही मार्चपासून गायब आहे."

"एवढ्यासाठी माणसं भांडतात?"

"याहून कमीसाठीही भांडतात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

प्रमुख खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. छापील लेख पुढे ढकलत म्हणाले, "हाच सिद्धांत. माझी साठ वाक्यं, एकूणएक वाक्य लोकांना ऐकवून तपासलेलं. हिच्याकडे वीस. बोला."

दिरांनी लेखातला वाक्यांचा तक्ता वाचला. "'काकूनं भांडी घासली.' हे सोपंय की."

प्रमुखांनी त्यांच्याकडे झुरळाकडे बघावं तसं बघितलं.

बाहेर लिपिक म्हणाला, "तिनं मलाही बसवलेलं वाक्यं ऐकायला. हे बरोबर वाटतं का, ते वाटतं का. निम्म्याहून जास्त नुसता पोरखेळ. सरांनी? सात वर्षांत मला 'बसा' म्हटलेलं नाही."

"वहिनी, मुलगीच चोर," दीर जिन्यात म्हणाले. "साठातली वीस उचलली."

"अक्कल गहाण टाकलीत काय, भाऊजी?"

चारला वहिनी समितीपुढे उभ्या राहिल्या.

"आपण काय शोधतोय हे ऐकणाऱ्याला कळलं, तर तो जपून उत्तर देतो. म्हणून वीस कामाच्या वाक्यांत चाळीस भरीची मिसळतात आणि शेवटी गाळतात. लिपिकाला पोरखेळ वाटला तो हाच. पहिल्या वर्षाला शिकवतात हे, म्हणून मुलीला सांगावंसंही वाटलं नाही. सरांनी मात्र कित्येक वर्षांत कुणाला वाक्य ऐकवलेलंच नाही. तिच्या वहीतली साठच्या साठ पुरावा म्हणून छापली. सर, काकूच्या भांड्यांत लांबचं नातं कुणाचं कुणाशी?"

"ती... छपाईतली चूक."

"मग गाळा. कुठली चाळीस?"

प्रमुखांचं बोट तक्त्यावरून खाली गेलं, वर आलं. लेख न वाचताच वाखाणणाऱ्या समितीनं तो आता पहिल्यांदा उघडला.

मुलगी कागद न बघता गाळायच्या वाक्यांचे आकडे म्हणू लागली, "एक, तीन, चार, सहा..." दारात लिपिक बोटांवर मोजत होता. चाळीस भरल्यावर अध्यक्षांनी तिला बसायला सांगितलं, आणि प्रमुखांना उठायला.