वळणाच्या अलीकडे

गॅरेजवाल्यानं रेडिएटरचं झाकण उन्हाकडे धरलं, अंगठ्यानं खालची स्प्रिंग दाबून पाहिली आणि कडेचं रबर धाकटीच्या नाकापुढे आणलं.

"काकू, हे झिजलेलं नाही. कापलंय कुणीतरी. ब्लेडनं, तिरकं."

"त्यानं काय होतं?"

"सपाटीला काही नाही. चढ लागला, इंजिन तापलं, की दाब धरत नाही. पाणी उकळून बाहेर. बाजारहाटाला गाडी गुणाची, घाट आला की रडली. जुना काप आहे हा, कडा बघा कशा कडक झाल्यात."

धाकटीला आणखी सांगायची गरज नव्हती. घाटातलं पाण्याच्या टाकीजवळचं वळण तिला तोंडपाठ होतं. लग्नानंतर जेव्हा जेव्हा ती माहेरी जायला निघाली, तेव्हा गाडी त्याच वळणावर तापली. नवरा शांतपणे उतरायचा, बॉनेट उघडून इंजिन निवायची वाट बघायचा. मग फडक्याची चारपदरी घडी झाकणावर ठेवून ते अर्धं फिरवायचा, वाफ जाऊ द्यायचा आणि मगच पूर्ण काढायचा. पाणी भरून झालं की म्हणायचा, "आता पुढे नको. नशीब, घर जवळ आहे." फडकंही थोरल्या बहिणीनं भरतकाम करून दिलेल्या उशीच्या अभ्र्याचं होतं, अख्ख्या घरात त्याला तेवढंच कापड सापडलं होतं. बसनं जाते म्हटलं तर, "घरात गाडी असताना?" आई गेली, तेव्हा धाकटी त्या टाकीच्या कठड्यावर बसून होती. माहेरच्याच गावात दिलेली थोरली फोनवर हसून विचारायची, "वळणाच्या अलीकडे की पलीकडे?" पुढेपुढे ती हसेनाशी झाली, पण विचारायची मात्र.

इतकी वर्षं पाणी कुठं मुरत होतं ते आज कळलं. आणि ती वेडी त्या माणसाला कठड्यावरून उठून प्यायला पाणी नेऊन द्यायची, दमला असेल म्हणून. तिला स्वतःचीच चीड आली.

नवरा गेल्या हिवाळ्यात वारला. त्यानंतर ती गाडी चालवायला शिकली आणि ते फडकं तिनं आपल्या हातानं जाळलं. आता थोरलीच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते. भाची रोज फोन करत होती, "मावशी, आई तुझ्यासाठी थांबलीये."

"नवं झाकण बसव," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. टाकी दिसली आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. इंजिन गार होईपर्यंत ती गाडीत बसून राहिली. मग झाकण काढलं. कोऱ्या रबरावर तिरका काप होता.

ती खाली परतली, तेव्हा गॅरेजवाल्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं. "घरात आणखी कोण असतं, काकू?"

"कोणी नाही."

"मग बसनं जा."

भाचीही तेच म्हणाली. पण धाकटी इरेला पेटली होती. "याच गाडीनं येणार. त्याच्या नाकावर टिच्चून." दुसरं नवं झाकण तिनं गॅरेजवाल्याला बसवूच दिलं नाही. पिशवीत घालून घरी आणलं, उशाशी घेऊन झोपली, सकाळी रबरावरून बोट फिरवून पाहिलं आणि स्वतः घट्ट बसवलं.

काटा त्याच वळणावर चढला. काप त्याच जागी होता.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ती रिकाम्या रस्त्यावर म्हणाली, "आता तरी सोड की रे." उताराला गाडी निमूट घरी आली.

संध्याकाळी भाचीच्या आवाजात राग नव्हता. "मावशी, तुझं भांडण काकांशी आहे गं. दिवस आईचे चाललेत."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी ती बसमध्ये बसली, पुढच्याच बाकावर. गाडीची किल्ली तिनं घरीच ठेवली होती. बस भरलेली होती. कुणी पेंगत होतं, कुणी संत्रं सोलत होतं. घाट लागला, ड्रायव्हरनं गिअर बदलला. आपण इतके दिवस काय खुळ्यासारखं करत होतो, असं तिला वाटलं. तिनं भाचीला फोन लावला.

"बसमध्ये आहे मी. आलेच."

"लवकर ये. ती विचारतेय, वळण ओलांडलं का?"

समोर टाकी दिसत होती. जेमतेम दोन विजेच्या खांबांचं अंतर.

"सांग तिला, ओलांडलं."

तिनं फोन पिशवीत ठेवला. इंजिन तापल्याचा गोडसर, गरम वास आला.

बस थांबली.

ड्रायव्हर शिव्या देत उतरला. वाफ काचेवरून वर गेली. धाकटीनं डोळे मिटून घेतले. पुढचं सगळं तिला पाठ होतं, म्हणून ती मनात म्हणत राहिली: थांबला. अर्धं फिरवलं. वाफ गेली. काढलं.

ड्रायव्हर दारात आला. त्याच्या हातात झाकण होतं.

"कालच नवीन टाकलंय हे. आज रबर कापलेलं." त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "आता पुढे जात नाही ही. परत खाली न्यावी लागेल."

कुणीतरी कुरकुरलं. पिशवीत फोन वाजायला लागला.

"आणि हे कुणाचं?" ड्रायव्हरनं दुसरा हात पुढे केला. "झाकणावर ठेवलेलं होतं."

धाकटीनं ते घेतलं. ओलं होतं, हाताला चांगलंच गरम लागत होतं. वरच्या पदरावर थोरलीच्या हातचं अर्धं फूल होतं.

तिनं घडी मोजली. चारपदरी.

फोन वाजायचा थांबला.