ङ कोणाचा?

अगं आधी ऐका तर, मग हसा. आणि ए बडबडे, तू मधे तोंड घातलंस ना तर मी उठून जाईन. आधीच माझं डोकं फिरलेलं आहे.

तर ती शिकवणी. एकच मुलगी, सहा वर्षांची, तिच्या घरी जाऊन शिकवायचं. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण एका जागी बसेल तर शपथ. खाली बापाचं फ्रेमचं दुकान, वर घर. जिना चढताना लाकडाचा भुसा नाकात जातो आणि सरसाचा तो उग्र वास. आई नर्स, तिची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. मग घरात राज्य कोणाचं? आत्याचं. बापाची मोठी बहीण. बाप तिला अक्का म्हणतो आणि अक्का म्हणेल ती पूर्व दिशा.

शिकवायला मागची खोली. घडीचं टेबल, त्याचा एक पाय आखूड, खाली पुठ्ठा सरकवलेला. खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, इतकी जवळ की तिकडे कोणी नळ सोडला तरी इकडे कळतं. आणि भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. बापाने हौसेने काच लावून फ्रेम केलेला, एखाद्या देखाव्यासारखा.

पहिल्याच दिवशी भिंगरीने सुरू केलं. क कपाचा, ख खडूचा, ग गाडीचा, घ घराचा. आणि थांबली.

पुढे ङ. चित्राचा चौकोन रिकामा. आपल्या तक्त्यातही रिकामाच असायचा, आठवतंय ना? ङ ने शब्दच सुरू होत नाही, चित्र कसलं काढणार?

"ङ कोणाचा?" तिने विचारलं.

"कोणाचाच नाही. नुसतं ङ म्हणायचं आणि पुढे जायचं."

गेली नाही. मान तिरकी करून बसली. फोनवर पलीकडचं माणूस बोलत असताना आपण कसे गप्प बसतो, तशी.

तेवढ्यात दारातून आत्या. "अडली? अडणारच. मठ्ठ आहे. आमच्या घराण्यात असलं ध्यान कोणी निपजलं नव्हतं."

"आत्याबाई, ती मठ्ठ नाहीये."

"तुम्ही शिकवा हो बाई. वकिली नका करू."

अशी कानशिलं तापली माझी! कारण गोष्ट साधी नव्हती. सुट्टी संपली की भिंगरीने शाळेत मोठ्या बाईंसमोर अक्षरं ओळीने म्हणून दाखवायची होती. नाही आली, तर आत्याने ठरवूनच टाकलं होतं, पोरीची रवानगी लांबच्या हॉस्टेलात. सहा वर्षांची पोर गं! आईने रडून पाहिलं. बाप काय म्हणतो? अक्का बघेल काय ते.

आणि पोरगी कसली हुशार! गोष्टीच्या पुस्तकातली छोटी छोटी वाक्यं वाचायची, माझ्या चुका काढायची. नुसत्या तक्त्यासमोर उभी केली की घ घराचा, आणि गाडी बंद.

"अगं पण का थांबतेस?"

"तो रागावतो, टीचर. सगळ्यांना काहीतरी दिलंय. त्याला काहीच नाही."

लहान मुलं बोलतात असं. मी हसण्यावारी नेलं. पण मग मला तो डाग दिसला. काचेवर, बरोबर ङ च्या रिकाम्या चौकोनावर, वाफ धरल्यासारखा. रुमालाने पुसला. जाईना. आतून होता. तिच्या बापाला दुकानातून वर बोलावलं. "ओल धरली असेल," म्हणाला, काच काढून पुसली, मागून नवी पट्टी चिकटवली. मी पुढच्या वेळी गेले तर डाग परत तिथेच. आणि हसू नका, मी नीट बघितलंय, तो लहान व्हायचा, मोठा व्हायचा. लहान, मोठा. आरशाजवळ नाक नेऊन श्वास सोडल्यावर होतं ना, तसा.

भिंतीची ओल, दुसरं काय! मी स्वतःला सांगितलं. मी काय घाबरणारी आहे होय?

मग तो दिवस. भिंगरी अडली, आणि आत्या फूटपट्टी घेऊनच आत आली. "म्हण! म्हण पुढे!" आणि फाडकन टेबलावर मारली, पोरीच्या बोटांना अगदी लागून. भिंगरीने बोटं मागे सुद्धा घेतली नाहीत. मी आत्याच्या हातातून फूटपट्टी ओढली. ती म्हणाली, "बॅग भरायला घेते हिची," आणि गेली.

मी फूटपट्टी कोपऱ्यात भिरकावली. रागाने गं, नुसत्या रागाने.

भिंगरीने हळूच विचारलं, "टीचर, ङ कोणाचा?"

"आत्याचा!" मी ओरडले. "ङ आत्याचा. देऊन टाक!"

"नक्की?"

"नक्की."

तिने तक्त्याकडे बघितलं आणि एका दमात म्हणाली, "क कपाचा, ख खडूचा, ग गाडीचा, घ घराचा, ङ आत्याचा." आणि हसली. मला वाटलं, सुटला बाई गुंता! आम्ही दोघी हसत सुटलो. काचेवरचा डाग गेलेला होता. ते मला बरं वाटलं, खरं सांगते.

पुढच्या वेळी आत्या दारात आली. "आज काय ङ्... ङ् शिकवलं?" नाकातून, घशाच्या मागून आवाज. सर्दी झाली असेल म्हटलं. मग मठ्ठ म्हणायला गेली, ते "ङठ्ठ" आलं. बडबडे, मला तेव्हा हसूच आलं होतं. भिंगरी लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

मग शब्दच येईनात. तोंड उघडायची, गळ्याची शीर ताठ व्हायची आणि नुसता तो आवाज, रिकाम्या खोलीत पंखा घुमतो तसा. माझ्याकडे बघत राहायची. बाप तिच्या बाजूने गेला, तर स्टूल मधे असल्यासारखा वळसा घालून गेला. बघितलं नाही. बोलला नाही.

एकदा आई घरी होती, ताटं वाढत होती. तीन. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी.

"आत्याबाईंचं ताट?" मी विचारलं.

"कोणाचं?" आई म्हणाली, आणि पाण्याचे पेले भरायला लागली. तेही तीनच.

त्यानंतर गेले तर आत्या नाही. तिच्या खोलीत फ्रेमच्या पट्ट्या रचलेल्या, भिंतीला टेकवून, वर धूळ. एक-दोन दिवसांची धूळ नव्हे ती.

मी धाडधाड जिना उतरून दुकानात गेले. बाप काच कापत होता.

"अक्का कुठे आहेत?"

"कोण अक्का?"

"तुमची बहीण! भिंगरीची आत्या!"

"मला बहीण नाही हो, बाई."

"भिंगरीला हॉस्टेलात पाठवणार होत्या त्या! बॅग भरणार होत्या!"

त्याने हातातलं सगळं खाली ठेवलं. "एवढ्याशा पोरीला हॉस्टेलात? माझ्या? कोण माईचा लाल पाठवतो बघू!" आणि माझ्यावरच चिडला. अगं, माझ्यावर! इतके दिवस तोंडात गुळणी धरून बसलेला हा माणूस! असा संताप आला मला, वाटलं दुकानातल्या सगळ्या काचा फोडाव्यात.

वर गेले.

भिंगरी तक्त्यासमोर उभी होती. काच लख्ख.

"आता तो गप्प आहे, टीचर."

"भिंगरी, परत घे. ङ कोणाचाच नाही म्हण. म्हण लवकर."

"दिलेलं परत घेतात का?" अगदी सरळ विचारलं तिने. 

"बघ ना, मला पुढची ओळ पण येते," म्हणाली. "च चमच्याचा. छ छत्रीचा. ज जहाजाचा. झ झाडाचा."

आणि ञ. तिथेही चौकोन रिकामाच असतो.

ती थांबली नाही.

कोणाचं तरी नाव घेतलं आणि पुढे ट टोपीचा म्हणाली.

"कोणाचा म्हणालीस?"

तिने परत सांगितलं. मी ऐकलं. म्हणजे कानावर पडलं, पण शब्द नाही, नुसता आवाज.

"ती कोण?"

"तूच तर जिन्यात फोनवर तिला ओरडत होतीस. कायमची चालती हो म्हणालीस. खूप खूप रागावली होतीस." आणि माझा हात धरला. "आता नाही ना राग?"

मी फोन काढून बघितला. त्या दिवशी आले तेव्हा, जिन्यात, मी खरंच कोणाशी तरी बोललेय. बराच वेळ. नंबर आहे, नाव नाही. लावला तर लागत नाही.

शाळेत ती पास झाली. पेढे... नाही, चॉकलेटं वाटली बापाने. मी शिकवणी सोडली.

आता मला एक सांगा. खरं सांगा. मी एकटीच राहते ना? पहिल्यापासून?

बघा, सगळ्याजणी एकदमच हो म्हणालात.

मग माझ्या दारात चपला कोणाच्या? माझ्यापेक्षा लहान मापाच्या. एकीचा पट्टा तुटून शिवलेला, दोरा माझ्या डब्यातला, टाके माझे, मी तसेच वाकडे घालते. आणि मला राग येतो. दार उघडलं की रोज तोच राग. काल मोठ्याने बोलले सुद्धा, "किती वेळा सांगितलं, चपला मधे काढून ठेवू नकोस!"

त्या मी उचलून बाजूला ठेवल्या. आणि तशीच उभी राहिले, कोणीतरी उलट उत्तर देईल म्हणून.