थिजलेलं खोबरेल

दानिश पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा त्याच्या हातात गाडीतल्या पुढच्या कप्प्याचं झाकण होतं. भोरच्या एसटी डेपोजवळच्या गतिरोधकावर गाडी आदळली, झाकण निसटलं आणि शेजारी बसलेल्या आईच्या मांडीवर पडलं. समोर ‘झुल्फिकार सीट कव्हर्स’ ही पाटी दिसली, म्हणून तो आत शिरला. झुल्फिकारभाई बाहेर गेले होते. गल्ल्याशी त्यांची मुलगी अरिबा बसली होती.

तिनं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं, मग सरळ जाऊन गाडीत डोकं घातलं. अठरा वर्षांची गाडी. डॅशबोर्ड उन्हानं पांढुरका पडलेला, दारांच्या आतल्या पट्ट्यांवर ओरखडेच ओरखडे.

“झाकण बसवून देते,” ती म्हणाली. “पण गाडी आतनं लई दमलीय.”

“हुईल का नीट?”

“गाडी हुईल. डोक्याला एवढं खोबरेल थापता, त्याचं तुमी बघा.”

दानिशनं केसांवरून हात फिरवला… आणि हसला. अरिबानं घाईघाईनं पेन्सिल शोधायला घेतली. पेन्सिल तिच्या कानामागेच होती.

गाडीतलं जुनं प्लास्टिक नवं करायचं काम अरिबा पुण्यात सहा महिने राहून शिकली होती. झुल्फिकारभाईंनी तिला दुकानामागची पडवी दिली, रंग फवारायची गन घेऊन दिली, पण शब्दही घेतला. या हिवाळ्यात गिऱ्हाइकं खूश झाली, तर तिच्या नावाची वेगळी पाटी लावायची. नाही झाली, तर गन विकायची आणि निमूट शिलाई मशीनवर बसायचं. आणि अख्खी गाडी आतून करायचं हे तिचं पहिलंच काम.

दानिशची आई खुर्शिदा जाताना बजावून गेली, की पुढच्या रविवारी वाईला जायचंय, दानिशसाठी मुलगी बघायला. मुलीकडच्यांसमोर गाडी शोभली पाहिजे, शनिवारपर्यंत काम व्हायलाच हवं. अरिबा म्हणाली, बरं.

भाटघरला दानिशची रोपवाटिका होती. काम आटोपलं की तो रोज संध्याकाळी पडवीत यायचा, गाडी कुठवर आली बघायला. सुटी केलेली प्लास्टिकं तारेवर टांगलेली असायची. अरिबा साबणानं धुवायची, पाण्यात बुडवून बारीक पॉलिश पेपर फिरवायची, आणि तो कोपऱ्यात उभा राहून विचारत राहायचा, हे कशाला, ते कशाला. एकदा म्हणाला, इतक्या मायेनं तर मी रोपंसुद्धा लावत नाही. ती म्हणाली, मग रोपं मरत असतील. असं बोलणं दोघांचं. पाच-सहा दिवसांतच अरिबाला संध्याकाळी स्कूटरचा आवाज नुसता कानानं नाही, छातीत ऐकू यायला लागला. आणि मग रविवार आठवायचा.

पण रंग धरेना.

बुधवारी सकाळी तिनं पहिला हात मारला, तर तुपकट ताटावर पाणी फुटावं तसा रंग जागोजागी फुटला. बारीक बारीक खळगे. सगळं खरवडून तिनं पुन्हा घासलं. गुरुवारी सकाळी तेच. नेमकी त्याच दुपारी खुर्शिदा डोकावली, पट्ट्या पाहिल्या आणि पुढे बाजारात चार जणींना सांगून आली, की त्या पोरीच्या हाताला रंगच धरत नाही. ते फिरून झुल्फिकारभाईंच्या कानावर आलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“शनिवारी रंग टिकला न्हाई, तर गन इकून टाकू, बेटा. मशीन हाय आपलं.”

शुक्रवारी अरिबानं जेवणही केलं नाही. आपल्या हातातच खोट आहे, असं तिला खरंच वाटायला लागलं होतं. तिन्हीसांजेला पट्टी न् पट्टी लख्ख करून टांगली, दानिश आलाच होता, त्याच्यासाठी आणि अब्बांसाठी चहा टाकायला ती आत गेली.

शनिवारी पहाटे नीरा नदीवरून असा गारठा आला, की बोटं वळेनात. अरिबानं दाराची पट्टी उतरवली. खाचेत काहीतरी पांढरं होतं, चुन्यासारखं. तिनं नखानं काढलं, बोटांत चोळलं. ते विरघळलं. तिनं वास घेतला… आणि तशीच उभी राहिली.

खोबरेल तेल. थंडीनं थिजलेलं.

आधी तिला रडू आलं, आपला हात शाबूत आहे म्हणून. मग राग आला, असा की कान तापले. आणि त्या रागाच्या तळाशी जो आनंद उसळला, त्याचा तिला जास्तच राग आला.

गाडी न्यायचा दिवस, म्हणून सकाळी नऊलाच स्कूटर वाजली. तिनं पट्टी त्याच्यासमोर धरली.

“का केलंत?”

दानिशचा चेहरा उतरला. “गाडी झाली असती, तर उद्या वाईला जावं लागलं असतं.” तो थांबला. “आणि हितं यायला मला काय निमित्त उरलं असतं…?”

“तुमचा रविवार वाचला. माझा हात बदनाम झाला. आज माझी गन जातीय, माहितीय? आईला ‘न्हाई’ म्हणायची हिंमत न्हाई, म्हणून माझ्या पोटावर तेल ओतलंत.”

हे त्याला माहीत नव्हतं. तिच्या पाणावलेल्या डोळ्यांकडे त्याला बघवेना. तेवढ्यात झुल्फिकारभाई पडवीत आले, आणि मागोमाग रिक्षातून उतरून खुर्शिदा. आता हा तोंड उघडतो की पुन्हा गप्प बसतो… अरिबा पट्टी धरून उभी होती.

“अम्मी,” दानिश म्हणाला, “चाचा, तुमीबी ऐका. अरिबाच्या हातात खोट न्हाई. रोज मीच पट्ट्यांना तेल लावत होतो. मला वाईला जायचं न्हाई. मला… ही आवडते.”

झुल्फिकारभाईंनी साबणाच्या पाण्याची बादली पायानं त्याच्यापुढे सरकवली. ज्यानं तेल लावलं त्यानंच धुवावं, एवढंच म्हणाले.

दानिश बाह्या वर करून खाली बसला. गार पाण्यानं बोटं लाल झाली, तरी घासत राहिला. अरिबानं पट्टीवर पाणी ओतलं. पाण्याचे थेंब जमले. तेल अजून होतं. पुन्हा घास, ती म्हणाली. ‘तुमी’ कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. तिसऱ्या खेपेला पाणी पट्टीभर सपाट पसरलं.

मग तिनं गन उचलली. पातळ एक हात, थांबून दुसरा. एकही खळगा नाही. काळाभोर, मऊ, नव्यासारखा रंग. झुल्फिकारभाईंनी चष्मा लावून बघितलं आणि गन स्वतःच्या हातानं खुंटीला अडकवली.

खुर्शिदा एवढा वेळ स्टुलावर ताठ बसून होती. बाजारात जे बोलले ते चुकलं, असं ती हळूच म्हणाली. मग मुलाकडे ढुंकूनही न पाहता तिनं अरिबाला विचारलं,

“आता तूच सांग, बेटी. गाडी उद्या सकाळपर्यंत हुईल का न्हाई?”

दानिशनं मान वर केली. बाकीच्या पट्ट्या दुपारपर्यंत होणार होत्या, रंग दोन तासांत वाळतो, संध्याकाळी सगळं जागच्या जागी बसलं असतं. हे अरिबाला माहीत होतं. तिच्या अब्बांनाही माहीत होतं.

अरिबा पट्टीकडे बघत राहिली. गाल तापले होते.

“न्हाई, खाला,” ती म्हणाली. “थंडीत रंग वाळायला लई येळ लागतो… सोमवारी न्या.”

झुल्फिकारभाई खोकले, आणि चहा सांगायला बाहेर गेले.